आष्टी : एक नाव, अनेक गावे

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे नाव मराठवाड्यात परिचित आहे. जिल्ह्याबाहेर मात्र ते उच्चारताच ‘कोणती आष्टी?’ असा प्रश्न येतो. बीड आणि वर्धा जिल्ह्यांत आष्टी हे तालुक्याचे ठिकाण आहे. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी एक आष्टी आहे. सोलापूर जिल्ह्यातील आष्टी १८१८ च्या लढाईमुळे इतिहासात गेली. मराठ्यांचे सेनापती बापू गोखले तेथेच धारातीर्थी पडले. वर्ध्याच्या आष्टीने १६ ऑगस्ट १९४२ रोजी स्वातंत्र्यलढ्यात रक्त सांडले, म्हणून तिचा उल्लेख ‘शहीद आष्टी’ असा होतो. परतूरच्या आष्टीला असे बिरुद नाही. तिची ओळख तालुक्याच्या नावानेच पटवावी लागते.

नावाचा पहिला स्वर दीर्घ ‘आ’ आहे. लढाईच्या वर्णनांत ‘अष्टी’ असे ऱ्हस्व रूपही आढळते, परंतु प्रचलित रूप ‘आष्टी’ हेच. आजच्या मराठी बोलण्यात श आणि ष यांतील भेद बहुधा उरलेला नाही. तरीही ‘ट’पूर्वी जीभ आपोआप वर वळते आणि कष्ट, गोष्ट या शब्दांप्रमाणे येथेही मूर्धन्य ‘ष’ ऐकू येतो. ‘आश्टी’ हे लेखन म्हणून कानाला फारसे खटकत नाही, डोळ्याला खटकते.

अर्थाविषयी सहज सुचणारी व्युत्पत्ती ‘अष्ट’ म्हणजे आठ या संख्येची. ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. संस्कृत ‘अष्ट’ प्राकृतात ‘अट्ठ’ झाला आणि मराठीत ‘आठ’. लोकांच्या तोंडून हेच नाव उतरत आले असते, तर त्यात ‘ठ’ अपेक्षित होता. उलट शब्द थेट संस्कृतातून घेतला म्हणावे, तर आरंभीच्या दीर्घ ‘आ’चे कारण द्यावे लागते. संस्कृतात ‘अष्टि’ हे सोळा अक्षरांच्या चरणाच्या छंदाचेही नाव आहे. पण खेड्याचे नाव छंदशास्त्रातून आले असे मानणे ही विद्वत्तेची हौस झाली.

नाव चालवताना ‘आष्टा’ या सांगली जिल्ह्यातील गावाशी होणारा घोटाळा विभक्तीने मिटतो. आष्टीचे आष्टीला, आष्टीत, आष्टीहून असे सरळ होते. आष्ट्याचे आष्ट्याला, आष्ट्यात. आडनावांतही तोच भेद : आष्टीकर आणि आष्टेकर.

खरी अडचण लिपीची आहे. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत चाले. उर्दू लिपीत श आणि ष वेगळे नाहीत, पण ‘आ’ची दीर्घता आणि ‘ट’चे मूर्धन्यत्व दोन्ही नोंदवता येतात. रोमन लिपीत यातले काहीच टिकत नाही. एकच अक्षर अ-आ दोहोंना, एकच त-ट दोहोंना, एकच जोडाक्षर श-ष दोहोंना. त्यामुळे रोमन नोंदीवरून नाव पुन्हा देवनागरीत उतरवताना आठ रूपे संभवतात. या गावाचा आठाशी निर्विवाद संबंध एवढाच! ‘अश्ती’ हे त्यातलेच एक. रोमन लेखनात ‘ह’चे अक्षर एक स्थान पुढे सरकले की नावाचे ‘अस्थी’ होते, आणि जिवंत गावाच्या पत्त्यात मृताचे अवशेष येतात. जातीचा दाखला, सातबारा आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत गावाचे नाव तीन प्रकारे आले, तर अर्जदाराला ते एकच असल्याचे सिद्ध करीत बसावे लागते.

जुन्या कागदांत आणखी एक फरक दिसतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून त्यात आला. त्यापूर्वीच्या दस्तऐवजांत म्हणून ‘आष्टी, तालुका परतूर, जिल्हा परभणी’ असे असते. ती चूक नव्हे, आणि ते गावही दुसरे नव्हे. आज पत्ता लिहिताना ‘आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना’ असे पूर्ण लिहून पिनकोड द्यावा. नुसते ‘आष्टी, मराठवाडा’ लिहिलेले पत्र बीडलाही जाऊ शकते.