नळीला सोनं चढतं तेव्हा

सोन्याचे नॅनोकण जन्मताना आणि वाढताना पाहायचे, तर तीव्र क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर आठ तासांची पाळी मिळते. ती हातची कशी जाते, त्याचा हा नेहमीचा घटनाक्रम.

रात्री १०:०० – एका सिरिंजमध्ये क्लोरोऑरिक आम्ल, दुसरीत त्याचं क्षपण करून सोनं सुटं करणारं सायट्रेट. १ मिलिमीटर पोकळीच्या तापवलेल्या टेफ्लॉन नळीत दोन्ही एकत्र वाहू लागतात, सेकंदाला साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे ६० सेंटिमीटरवर क्ष-किरण रोखले, की मिनिटभर वयाचे कण दिसणार; तासभर रोखले तरी वय तेवढंच. टर्केविच यांनी १९५१ मध्ये फ्लास्कमध्ये अभ्यासलेली ही अभिक्रिया इथे नळीभर पसरून दिसते: आधी फिकट पिवळी, मग रंगहीन, काळपट निळी आणि शेवटी लालभडक. मला रसायनशास्त्रात याहून देखणं काही ठाऊक नाही.

११:३० – द्रवाच्या प्रकाशशोषण वर्णपटाचं शिखर ५२० नॅनोमीटरपाशी स्थिर. सगळे खूश.

१२:४५ – नळीच्या आतून जांभळट छटा. घात इथे सुरू होतो. प्रवाह मध्यभागी सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो, भिंतीलगत जवळजवळ थांबतो. तिथल्या द्रवाला सोनं बसवायला भरपूर सवड असते. अभिक्रिया तेलातल्या थेंबांमध्ये कोंडली असती, तर ती भिंतीला शिवलीच नसती.

२:०० – बसलेलं सोनं आणखी सोनं ओढतं. त्यात क्ष-किरणांनी पाणी फुटून तयार होणारे इलेक्ट्रॉनही सोन्याचं क्षपण करतात, म्हणजे थर नेमका मोजणीच्या जागी जाडावतो. पडद्यावरचा वाढीचा आलेख मात्र सुरेखच. ती वाढ कणांची की भिंतीची, हे आता सांगता येत नाही. पुढे जोड निसटतो त्यापेक्षा हा तास मला अधिक भयंकर वाटतो, कारण चुकीचे आकडे खऱ्यासारखे दिसतात.

४:२० – बाहेर येणारा लाल रंग फिकटतो. सोनं नळीतच राहतंय.

५:१० – दाब चढतो. त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढाच प्रवाह रेटायला १६ पट दाब लागतो, आणि सिरिंज पंप ठरलेला प्रवाह रेटतच राहतो.

५:४० – जोड निसटतो. द्रव टेबलावर. किरण बंद करावे लागतात. सहाला पुढचा गट येणार. नळी कापून काढण्यापुरताच वेळ आहे. पावणेएकनंतरचा एकही आलेख आता शोधनिबंधात घेता येणार नाही.