निकेलवर चालणारी उपाहारगृहे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांत ‘ऑटोमॅट’ नावाची उपाहारगृहे भरभराटीस आली. वाढप्याच्या मदतीविना, भिंतीतील काचेच्या कप्प्यात मांडलेला पदार्थ नाणे टाकून स्वतः काढून घेण्याची सोय असलेले भोजनालय म्हणजे ऑटोमॅट. ही कल्पना मूळची जर्मनीची असून, जोसेफ हॉर्न व फ्रँक हार्डार्ट या भागीदारांनी तेथून यंत्रसामग्री मागवून १९०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर अमेरिकेतील पहिले ऑटोमॅट उघडले आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आपला जम बसवला.

सारा व्यवहार निकेलवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर, चाले. काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या स्त्रिया गिऱ्हाइकाला निकेलची मोड देत. खाचेत नाणे टाकून मूठ फिरवली की कप्प्याची झडप उघडे, तर कॉफी डॉल्फिनच्या मुखाच्या आकाराच्या तोटीतून मोजून पडे. भिंतीपलीकडे मात्र कामगार रिकामे झालेले कप्पे सतत भरत असत आणि पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाड्यांनी येत, त्यामुळे ‘स्वयंचलित’ म्हणवणाऱ्या या व्यवस्थेत श्रम नाहीसे झाले नव्हते, ते केवळ दृष्टीआड गेले होते. बक्षिसी देण्याचा प्रश्न नव्हता आणि दर ठरलेले होते, म्हणून १९३० च्या दशकातील महामंदीत बेकारांपासून कारकुनांपर्यंत सर्वांनाच ही उपाहारगृहे परवडली.

ज्या नाण्याने हा धंदा उभा केला, त्याच नाण्याने पुढे त्याची कोंडी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर महागाई वाढत गेली, परंतु यंत्र एक सेंटचे नाणे घेत नसल्याने दर थोडाथोडा वाढवणे शक्य नव्हते. अखेरीस १९५० मध्ये पाच सेंटची कॉफी एकदम दहा सेंटची करावी लागली आणि स्वस्ताईची ख्याती डागाळली. त्यातच मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेल्याने शहरांतील संध्याकाळची वर्दळ ओसरली आणि फास्ट फूडच्या साखळ्यांनी उरलेले गिऱ्हाईक ओढून नेले. पुढे कंपनीने आपल्याच काही जागांत बर्गर किंगची दुकाने थाटली. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद पडले. नेदरलँड्समध्ये ‘फेबो’ या साखळीच्या भिंतींतून आजही नाणी टाकून क्रोकेट घेता येतात. तेथे यंत्रावर संपूर्ण जेवणाचा भार नाही, मोजक्या तळलेल्या पदार्थांचाच आहे.