सर्पगंधा, रक्तदाब आणि न विचारलेला प्रश्न

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावात आज रक्तदाबाची गोळी ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिक्षकांच्या खोलीतही जेवणाच्या डब्याबरोबर गोळ्यांची पट्टी निघते. पण कधी कधी एखादा माणूस आपल्याच मनाने गोळी बंद करतो आणि कारण विचारले तर ‘मानवत नाही’ एवढेच सांगतो. काय मानवत नाही, हे तो घरातही बोलत नाही, मग डॉक्टरांना कुठून सांगणार! या गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, ही समजूत सगळीकडे आहे. ती खरी की खोटी? उत्तरासाठी आपल्याला १९४० च्या दशकातल्या मुंबईत जावे लागेल.

त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषधच नव्हते. मीठ तोडा, विश्रांती घ्या, नाहीतर शस्त्रक्रिया करून काही मज्जातंतू कापून घ्या, एवढेच उपाय होते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मात्र आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळाकडे लक्ष वळवले. निद्रानाश आणि वेड यांवर हे मूळ पूर्वापार वापरात होते. त्याने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. वकिलांनी रुग्णांवर पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. मग जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन काम कसे करते? मज्जातंतूच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअॅड्रिनॅलिनसारखी संदेश नेणारी रसायने भरलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. माग सुरू आहे, धोटा फिरतो आहे, पण कांडीत सूतच नाही, तसे होते. रक्तवाहिन्या आवळण्याचा संदेश क्षीण होतो, त्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो.

पण हीच रसायने मेंदूतही असतात. तिथे डोपामिन आणि सेरोटोनिन यांचेही साठे रिकामे होतात. म्हणून काही रुग्णांना, विशेषतः मोठ्या मात्रेत, सुस्ती येई, मन खिन्न होई, कामेच्छा मंदावे. वीर्यस्खलनालाही याच मज्जातंतूंची गरज असते. म्हणजे ही तक्रार मनाचा खेळ नव्हती. ज्या कृतीमुळे रक्तदाब उतरत होता, तिचीच ती दुसरी बाजू होती.

अडचण होती ती हे बोलण्याची. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कामजीवनाविषयी उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटलेही सोसले. १९५३ मध्ये ते वारले आणि मासिकही थांबले. रेसर्पिनच्या गोळ्या बाजारात येत होत्या, त्याच सुमाराची ही गोष्ट. जो प्रश्न विचारायलाच संकोच वाटतो, त्याचे उत्तर नोंदवहीत कसे येणार?

पुढे नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. प्रश्न मात्र उरला, आणि आता तो रुग्णांना रीतसर विचारला जाऊ लागला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही पुरुषांना क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध दिले होते आणि काहींना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. दोन वर्षांत लिंगताठरतेची अडचण पहिल्या गटात १७.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ८.१ टक्के पुरुषांना आली. चार वर्षांनंतर मात्र हा फरक जवळजवळ मिटला होता. औषध नसलेल्या गटातही अडचण येतेच, हे ध्यानात घ्या. वाढलेला रक्तदाब स्वतःच रक्तवाहिन्या बिघडवतो आणि ताठरता तर रक्तप्रवाहावरच अवलंबून असते.

२००३ मधला इटलीतील प्रयोग आणखी बोलका आहे. हृदयविकाराच्या ९६ पुरुषांचे सारखे तीन गट केले आणि सर्वांना अॅटेनोलॉल दिले. हे औषध रक्तदाबासाठीही देतात. पहिल्या गटाला औषधाचे नाव सांगितले नाही. ३२ पैकी एकाने तक्रार केली. दुसऱ्या गटाला नुसते नाव सांगितले. तक्रारी पाच झाल्या. तिसऱ्या गटाला नाव आणि हा संभाव्य दुष्परिणाम, दोन्ही सांगितले. तक्रारी दहा झाल्या. औषध तेच, वाढली ती धास्ती. तरी या दहा जणांचा त्रास खोटा होता असे म्हणू नये. भीतीनेही शरीर खरोखरच अडते.

तेव्हा समजूत खरी की खोटी? थोडी खरी, थोडी रोगाची आणि थोडी भीतीची. स्त्रियांबाबत तर अभ्यासच कमी झाले आहेत. आजच्या पुष्कळ औषधांचा कामेच्छेवर फारसा परिणाम दिसत नाही. एक गोळी मानवली नाही तर डॉक्टर दुसरी देऊ शकतात, पण त्यासाठी त्यांना ते कळायला हवे. गुपचूप गोळी सोडणाऱ्याचा रक्तदाब मात्र गुपचूप वाढतो आणि एखाद्या दिवशी थेट पक्षाघात होऊन समोर येतो.

मोठ्या वर्गातील मुलांपुढे हे तीन गट फळ्यावर मांडून पाहावेत. एकच औषध, मग तक्रारी एक, पाच आणि दहा का, हे त्यांनाच शोधू द्यावे. या निमित्ताने अवघड वाटणारा प्रश्न सरळ शब्दांत विचारायचीही त्यांना सवय होईल.