तुपाची धार कुणाच्या ताटात? वर्ध्याचा आहारप्रयोग आणि आपण

लाकडी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, देशी गाईचे तूप, निसर्गोपचार. आज शहरातला सुखवस्तू वर्ग ज्या गोष्टींसाठी दुप्पट पैसे मोजतो, त्यांचा प्रचार नव्वद वर्षांपूर्वी आपल्या वर्ध्यातून सुरू झाला होता. तो इतिहास आश्रमाच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. आम्ही तो ताटाच्या बाजूने पाहू इच्छितो.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा कारभार चालवला. तेथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा करून 'मगनवाडी घाणी' तयार केली. १९३७ साली डालडा बाजारात आला. वनस्पती तुपाला गांधींचा कडवा विरोध होता. या मुद्द्यावर ते बरोबर होते, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट गोठवताना ट्रान्स फॅट तयार होते आणि त्याने हृदयविकार वाढतो. भारत सरकारने तेल-तुपातली त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

पण पुढे वाचा. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधींनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार दिला आहे: गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, भाज्या, गूळ किंवा साखर, आणि तूप दीड औंस. म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम दूध आणि ४२ ग्रॅम तूप! तेही बसून काम करणाऱ्याला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी ज्या सेगावात राहायला गेले (१९४० नंतरचे सेवाग्राम), तिथे अस्पृश्यांची वस्ती मोठी होती. उन्हात निंदण-खुरपण करणाऱ्या त्या माणसांना ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जमले तर जवसाचे तेल. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, धान्यातल्या पिष्टातून ४. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशातच विरघळतात. म्हणजे ज्याला तुपाची खरी गरज, त्याच्याच ताटात ते नाही. गरिबाला दूध परवडत नाही हे गांधींना ठाऊक होते, त्यांनी पर्यायही शोधले. परंतु परवडत नाही म्हणून मिळत नाही, एवढेच कारण होते का?

त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची घटना आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासधूस केली, जेवणाऱ्यांना झोडपले. तूप त्याने स्वतःच्या पैशाने आणले होते. म्हणजे प्रश्न ऐपतीचा नव्हताच. अस्पृश्याने तूप खाणे हाच गुन्हा होता. घाणी कितीही सुधारली तरी ही लाठी हटणार नव्हती, आणि मगनवाडीच्या आहारशास्त्रात या लाठीला जागा नव्हती.

मग आपल्या लोकांच्या पोटात स्निग्धांश जायचा कुठून? मेलेल्या गुरांच्या मांसातून, त्याच्या चरबीतून. तेही गावाने लादलेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. ही शाकाहाराची दीक्षा नव्हती, हे आपल्यातले काही जण आज विसरतात. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी इतिहास म्हणून तपासला आहे. वर्ध्याची वाट मात्र उलट दिशेने गेली. १९४१ मध्ये बजाजांचा गोसेवा संघ, १९७९ मध्ये पवनारला गोहत्याबंदीसाठी विनोबांचे उपोषण. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. त्याच्या बदल्यात कुणी त्याला दीड औंस तूप दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता जवसाचेच बघा. वैदर्भीय गरिबाची जवसाची चटणी आज 'फ्लॅक्ससीड' नावाने मॉलमध्ये पाकिटात बसली आहे. आमचा घाण्याच्या तेलाला विरोध नाही. परवडत असेल त्याने खुशाल खावे. पण 'नैसर्गिक' आणि 'सात्त्विक' हे शब्द एका श्वासात आले की कान टवकारावेत. पहिला शब्द आरोग्याचा आहे, दुसरा वर्णाचा.

याचा ताजा पुरावा हवा असेल तर शाळेत जा. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. अंडी हवीत तर लोकसहभागातून पैसे उभारा, असे शाळांना सांगितले. अंड्यात प्रथिने आहेत, चांगला स्निग्धांश आहे, अ आणि ड जीवनसत्त्व आहे, आणि त्यात भेसळ करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणाची मुले शिकतात हे वेगळे सांगायला नको. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, जिथे जिथे आपले कार्यकर्ते आहेत, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत अंड्याचा ठराव लेखी मांडावा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी.