कुलाब्याचे अफगाण चर्च : कोरलेली आणि राहून गेलेली नावे

मुंबईला नातेवाइकांकडे गेलो की आपण सिद्धिविनायकाचे दर्शन घेतो, गेटवे पाहतो आणि परत फिरतो. गेटवेच्या पुढे, कुलाब्याच्या टोकाकडे, उंच मनोऱ्याचे एक चर्च आहे. त्याचे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. लोक मात्र त्याला अफगाण चर्चच म्हणतात.

हे चर्च गॉथिक शैलीचे आहे. टोकदार कमानी, उंच छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या ही या शैलीची ओळख. उत्तर जर्मनीत बांधकामाचा दगड दुर्मिळ, म्हणून ल्यूबेकसारख्या शहरांत अशी चर्चे विटांची झाली. मुंबईत बेसॉल्ट भरपूर. त्यामुळे इथे शैली विलायती, पण दगड आपल्या मातीतला.

पहिले अफगाण युद्ध १८३८ ते १८४२ या काळात झाले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० नोकरचाकर व कुटुंबीय बर्फात आणि गोळीबारात सापडले. त्यांत हिंदी माणसेच जास्त होती. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ १८४७ मध्ये या चर्चची पायाभरणी झाली. ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले आणि १९८ फुटी मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. मनोऱ्यासाठी पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीही रक्कम दिली.

आतील काम पाहण्यासारखे आहे. पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या, तर वेदीमागची सजावट आणि फरश्यांची रचना विल्यम बटरफील्ड यांची. मनोऱ्यातल्या आठ घंटा १९०४ च्या, इंग्लंडमध्ये ओतलेल्या.

पण आम्हाला सर्वांत बोलकी वाटते ती भिंत. तिच्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढेच नोंदवले आहे की, त्यांची संख्या इतकी मोठी होती की नावे लिहिणे शक्य झाले नाही.

सरकारी दप्तरात काम करताना आम्ही रोज पाहतो, ज्याचे नाव कागदावर चढले त्याची आठवण टिकते. बाकीचे दोन पिढ्यांत विसरले जातात. आपल्या मोहगावातही असेच आहे. जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, उत्सवासाठी राबलेल्या मूर्तिकारांची, मांडव घालणाऱ्यांची, वाजंत्र्यांची नावे आता तरी लिहून घ्यायला हवीत. वर्गणीदारांची यादी स्मरणिकेत दरवर्षी छापतोच. तिच्याशेजारी ही दुसरी यादीही शोभून दिसेल.

गणपती बाप्पा मोरया!