नव्या चामडी जॅकेटचा ताठरपणा

वाशिंद, शहापूरवरून कसारा घाटाकडे किंवा मुरबाडमार्गे माळशेजला दुचाकीने जाणाऱ्यांना हिवाळ्यातील पहाटे चामडी जॅकेटचे मोल कळते. मात्र नवे जॅकेट पहिले काही दिवस कोपरात वळत नाही, मानेला काचते. अशा वेळी हमखास आठवतो तो घरचा जुना उपाय. नवी कोल्हापुरी चप्पल चावू लागली, की तिला तेल पाजायचे! हाच प्रयोग जॅकेटवर केल्यास काही हजारांची वस्तू कायमची डागाळू शकते.

याचे कारण कातडे कमावण्याच्या पद्धतीत आहे. कोल्हापुरीचे जाड कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याचा पृष्ठभाग बहुधा उघडाच असल्याने तेल आत मुरते. जॅकेटचे कातडे बहुतांशी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्याला आवश्यक ती स्निग्धता कारखान्यातच दिलेली असते आणि वर रंगाचा लेप असतो. त्यावर ओतलेले तेल शिवणींतून अस्तरात उतरते, डाग पडतात, धूळ चिकटते. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली गोठते. थंडीच्या दिवसांत ते जॅकेटवर पांढरट थर धरू शकते.

कातडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाळे. वारंवार वाकवल्याने हे तंतू परस्परांवरून सरकू लागतात आणि कातडे मऊ पडते. म्हणूनच जॅकेट अंगात घालून वावरणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. रोज तासभर घरातच घालावे, कोपरे वाकवावीत, दुचाकीवर बसतो तसे हात पुढे करून बसावे. बाह्या हातांनी हलकेच चोळल्या तरी चालते. मेंढीचे कातडे लवकर सैलावते. म्हशीचे जाड कातडे महिना-दोन महिनेही घेते. चामड्यासाठीचे क्रीम वापरायचेच असल्यास आतल्या कडेला लावून पाहावे, एक दिवस थांबावे आणि मगच मऊ कापडाने अगदी पातळ हात फिरवावा. लव असलेल्या स्वेड कातड्याला मात्र क्रीम लावू नये.

गरम पाण्यात भिजवणे, धुलाईयंत्रात फिरवणे, उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवणे हे सारे टाळावे. घाईने सुकलेले कातडे आकसते आणि पूर्वीपेक्षा कडक होते. ‘वापरून सैल होईल’ या विक्रेत्याच्या आश्वासनावरही फार विसंबू नये. कोपरे सैलावतात, खांद्यात आखूड असलेले जॅकेट आखूडच राहते. ते बदलून घेतलेले बरे.

पावसाळ्यात दमट हवा आणि तेलकट कातडे बुरशीला आयतेच फावते. जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. उघडीप मिळाली, की सावलीत वारा द्यावा. बुरशी दिसलीच, तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पुन्हा वापरू नये.