ग्राउंड थीम (सुपर मारियो ब्रदर्स)

ग्राउंड थीम ही ‘सुपर मारियो ब्रदर्स’ या जपानी व्हिडिओ गेममधील मुख्य धून आहे. ती कोजी कोंडो या संगीतकाराने निन्टेन्डो या कंपनीसाठी रचली. १३ सप्टेंबर १९८५ रोजी हा गेम जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. खेळाच्या पहिल्या पातळीवर, मोकळ्या आकाशाखाली धावणाऱ्या मारियोच्या साथीला ही धून वाजते. व्हिडिओ गेमच्या इतिहासातील सर्वाधिक ओळखीच्या सुरावटींत तिची गणना होते. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश केला. हा मान मिळालेले हे व्हिडिओ गेममधील पहिलेच संगीत होय.

निर्मितीची पार्श्वभूमी

कोजी कोंडो यांचा जन्म १३ ऑगस्ट १९६१ रोजी जपानमधील नागोया येथे झाला. बालपणापासून ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवीत. पुढे त्यांनी जॅझ व रॉक संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदात भाग घेतला. ओसाका कला विद्यापीठातील शिक्षणानंतर १९८४ मध्ये ते निन्टेन्डो कंपनीत रुजू झाले. ‘सुपर मारियो ब्रदर्स’चे संकल्पक शिगेरू मियामोतो यांच्यासोबत त्यांनी या खेळाचे संगीत सिद्ध केले.

या धुनेचे पहिले रूप आजच्यापेक्षा संथ व निवांत होते. खेळाच्या आरंभीच्या नमुन्यात मारियो मोकळ्या जागेत नुसताच वावरत असे आणि ते रूप त्याला अनुसरून होते. खेळ आकाराला आला, मारियो वेगाने धावू व उड्या मारू लागला, तेव्हा ते संगीत त्याच्या हालचालींशी विसंगत वाटू लागले. कोंडो यांनी लय वाढवून धुनेची पुनर्रचना केली. दृश्यातील गती आणि हाताने होणारी क्रिया यांच्याशी लय जुळली पाहिजे, हे तत्त्व या रचनेच्या मुळाशी आहे.

यंत्राच्या मर्यादा

फॅमिकॉमच्या ध्वनिचिपवर एकंदर पाच वाहिन्या होत्या : दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि पाचवी ध्वनिनमुने वाजवणारी. ग्राउंड थीम यांतील पहिल्या चार वाहिन्यांवर उभी आहे. पल्स वाहिन्यांवर मुख्य सुरावट व तिला साथ देणारा दुसरा सूर वाजतो, ट्रँगल वाहिनी खर्ज सांभाळते आणि नॉइज वाहिनी तालवाद्याचे काम करते. प्रत्येक स्वर-वाहिनीवर एका वेळी एकच स्वर वाजू शकतो. त्यामुळे एका क्षणी जास्तीत जास्त तीनच स्वर एकत्र ऐकू येतात. ट्रँगल वाहिनीचा आवाज लहानमोठाही करता येत नाही. ती एक तर वाजते किंवा थांबते.

संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता आणि संगीताच्या वाट्याला त्यातील अल्पसा भाग आला. शिवाय उडी, नाणे इत्यादींचे ध्वनी याच वाहिन्यांवर वाजत. असा ध्वनी उमटला की त्या वाहिनीवरील सूर क्षणभर लोपतो आणि उरलेल्या वाहिन्या रचना पुढे नेतात. वाद्यांच्या रंगावर किंवा नादाच्या भरगच्चपणावर विसंबणे शक्य नसल्याने सुरावट व लय यांवरच सर्व भार पडला.

संगीतरचना

धून ‘सी मेजर’ या स्वरश्रेणीत आहे. ‘सी’ हा स्वर षड्ज धरल्यास तिचे आरंभीचे सात स्वर ग, ग, ग, सा, ग, प आणि मंद्र प असे आहेत. त्यांतील पहिल्या पाच स्वरांखाली रिषभाचा खर्ज असून मधल्या वाहिनीवर तीव्र मध्यम आहे. हा स्वरसंघ षड्जाचा नाही. तो ऐकणाऱ्याला पंचमाकडे ओढतो आणि पंचम षड्जाकडे नेतो. म्हणजे धुनेचा आरंभ मूळ स्वरापासून दूर होतो आणि पहिल्या मुख्य भागात प्रवेश करताना ती स्वस्थानी पोहोचते. अवघ्या काही सेकंदांत अपेक्षा निर्माण होऊन तिची पूर्तता होते. हे सात स्वर लक्ष वेधून घेतात, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण लयीत आहे. चार मात्रांच्या पहिल्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सुरुवात झाल्यावर दुसरी व तिसरी मात्रा रिकाम्या जातात आणि स्वर त्यांच्यानंतर अर्ध्या मात्रेने येतात. पाश्चात्त्य संगीतात या युक्तीला सिंकोपेशन म्हणतात. जॅझमध्ये व लॅटिन अमेरिकेच्या नृत्यसंगीतात तिचा विपुल वापर होतो. नॉइज वाहिनीवरील ठेका झांजेच्या सुरुवातीच्या किणकिणीसारखा असून तो धुनेला झुलती चाल देतो.

पुढील भागांत श्रेणीबाहेरचे स्वर कुशलतेने योजलेले आहेत. पहिल्या मुख्य भागात शुद्ध निषादाला लागूनच कोमल निषाद येतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, कोमल गांधार अशी सरकती उतरण असून ती शुद्ध गांधारावर विसावते. एकाच स्वराची दोन रूपे लागोपाठ घेण्याची अशी चाल हिंदुस्थानी संगीतात ललित रागातील दोन मध्यमांमुळे परिचित आहे. येथे मात्र तिचा परिणाम गंभीर नसून खेळकर आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी कोमल धैवत, कोमल निषाद व षड्ज यांवर आधारलेले तीन स्वरसंघ पायऱ्यांसारखे चढत येतात. या समाप्तीला अनेक अभ्यासक व वादक ‘मारियो कॅडेन्स’ म्हणतात.

धुनेत लहान लहान खंड असून ते आलटून पालटून येतात. खंडांची पुनरावृत्ती केल्याने स्मृतीची जागा वाचते आणि त्यांच्या बदलत्या क्रमामुळे एकसुरीपणा टळतो. आरंभीची सात स्वरांची ओळख मध्यंतरी पुन्हा येते, त्यामुळे लांबलेली रचना एका सूत्रात राहते.

खेळाशी नाते

धून परिस्थितीनुसार बदलते. ठरावीक वेळेतील १०० एकके उरली की इशाऱ्याचे सूर वाजतात आणि तीच धून वाढलेल्या गतीने पुन्हा सुरू होते. मारियो भुयारात शिरला की सप्तकांतराच्या उड्यांची, मोठे विराम असलेली, साथीच्या स्वरसंघांविना चालणारी धून लागते. पाण्याखाली तीन मात्रांचे वॉल्ट्झ वाजते. या धुना स्वतंत्र आहेत. पण मोकळ्या जमिनीवर परतताच मुख्य धून पुन्हा ऐकू येते. अंधारी व कठीण जागा मागे पडल्याची ती खूण ठरते.

स्मरणरंजन

या धुनेत विषादाचे सूर जवळजवळ नाहीत, तरीही ती ऐकताना अनेकांना बालपणाची ओढ वाटते. याचे उत्तर बऱ्याच अंशी ऐकण्याच्या रीतीत सापडते. खेळाडूचा एक ‘जीव’ गेला की पातळी पुन्हा सुरू होते आणि धूनही आरंभापासून वाजते. परिणामी सुरुवातीचे खंड इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक वेळा कानी पडतात. शिवाय हे ऐकणे निष्क्रिय नसते. बोटे चालत असतात, नजर पडद्यावर खिळलेली असते, शेजारी भावंडे किंवा मित्र आपल्या पाळीची वाट पाहत असतात. त्यामुळे सुरावटीसोबत तो सारा प्रसंग स्मरणात राहतो.

भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या धर्तीवर बनवलेली स्वस्त यंत्रे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळली जात. खेळाच्या काडतुसाला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. मे महिन्याच्या सुट्टीत असे यंत्र हाताळलेल्या महाराष्ट्रातील पिढीलाही ही धून परिचित आहे. रचनाकाराचे नाव मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असे.

मान्यता व प्रभाव

मारियो मालिकेतील पुढील अनेक खेळांत या धुनेची नवी रूपे आली. वाद्यवृंदांच्या मैफलींत ती सादर होते. भ्रमणध्वनीच्या रिंगटोनचा काळ आला तेव्हा ती विशेष लोकप्रिय ठरली. ‘द सुपर मारियो ब्रदर्स मूव्ही’ (२०२३) या चित्रपटात ब्रायन टायलर यांनी कोंडो यांच्या धुनांचा आधार घेतला. संगीत-अभ्यासक अँड्र्यू शार्टमन यांनी या खेळाच्या संगीतावर लिहिलेले स्वतंत्र पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

खेळातील संगीत हे दीर्घकाळ केवळ पार्श्वध्वनी मानले जाई. यंत्रे कालबाह्य झाली की त्यांवरील रचनाही नाहीशा होण्याचा धोका असतो, म्हणून २०२३ मधील नोंदीला सन्मानापलीकडे जतनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. या नोंदीमुळे चार वाहिन्यांवरील ही रचना गायन, वादन व भाषणांच्या ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या पंक्तीत सांस्कृतिक ठेवा म्हणून समाविष्ट झाली.